ब्रेस्ट कॅन्सर त्याच जागी परत आला तर: आधी सुई, मग स्कॅन, मग डॉक्टरांची बैठक आणि त्यानंतरच चाकू

आंघोळीनंतर अंग पुसताना आत्याला जुन्या व्रणाच्या कडेला तुरीच्या दाण्याएवढं काहीतरी कडक लागलं. २०१८ ला तिचं ऑपरेशन झालेलं, फक्त गाठ काढलेली, ब्रेस्ट ठेवलेला, नंतर २५ वेळा रेडिएशन, आणि मग पाच वर्षं रोज रात्री जेवणानंतर टॅमॉक्सिफेनची (हार्मोन अडवणारी) गोळी. गोळी बंद होऊन जेमतेम काही महिने झाले होते. फोनवर मला म्हणाली, अगं टाक्याचा दोरा राहिला असेल आत, तू नको घाबरूस. मामांनी (आत्याचे यजमान, आमच्याकडे मामाच म्हणतात) तिला तालुक्याच्या गावी एका दवाखान्यात नेलं, तिथे जागच्या जागी भूल देऊन अर्ध्या तासात ती गाठ कापून काढली, दोन टाके घातले आणि घरी पाठवलं, काढलेला तुकडा तपासायला पाठवलाच नाही. तीन महिन्यांनी त्याच जागी दोन गाठी.

हे सगळं लिहायचं कारण तेच. मी डॉक्टर नाही, पण आत्याच्या फायली घेऊन मी दोन वर्षं फिरले, वाचलं, विचारलं, प्रत्येक डॉक्टरला तोच प्रश्न तीन तीनदा विचारला, आणि एक गोष्ट डोक्यात पक्की बसली की परत आलेल्या ब्रेस्ट कॅन्सरमध्ये कुठलं औषध देतात याच्याइतकंच कुठली गोष्ट आधी आणि कुठली नंतर करतात याला महत्त्व आहे. क्रम चुकला की चांगलं औषधसुद्धा चुकीच्या माणसाला जातं. म्हणून तो क्रमच सांगते, टीममधले डॉक्टर काय आणि का करतात त्यासकट, म्हणजे तुमच्या घरात कुणावर ही वेळ आली तर तुम्हाला समोर काय चाललंय ते कळेल आणि कुणी पायरी गाळत असेल तर थांबवता येईल.

आधी एक भीती बाजूला ठेवूया. "परत आला" म्हटलं की घरातले सगळे धरून चालतात की आता चौथी स्टेज, आता संपलं. तसं नाहीये. परत येण्याचे तीन प्रकार धरतात. ब्रेस्ट ठेवला असेल तर त्याच ब्रेस्टमध्ये, किंवा पूर्ण काढला असेल तर छातीच्या कातडीवर नाहीतर व्रणाच्या रेषेत आला तर तो लोकल. काखेत, कॉलर बोनच्या वर मानेच्या खोबणीत, किंवा छातीच्या मधल्या हाडाशेजारच्या आतल्या लिंफ नोडमध्ये (छोट्या ग्रंथींमध्ये) आला तर तो रिजनल. आणि हाडं, लिव्हर, फुप्फुस, मेंदू इथे गेला तर तो दूरचा, म्हणजे मेटास्टॅसिस. पहिल्या दोन प्रकारांत बहुतेक वेळा डॉक्टर बरं करायच्याच उद्देशाने ट्रीटमेंट आखतात, अगदी मानेच्या खोबणीतली गाठ असली आणि बाकी कुठे काही नसलं तरीसुद्धा. हे वाक्य मला मुंबईत ओपीडीत ऐकायला मिळालं तेव्हा मामा खुर्चीवर बसल्या बसल्या रडले.

आणि हो, ब्रेस्ट ठेवला म्हणून परत आला, आधीच काढून टाकायला हवा होता, असं म्हणणारे नातेवाईक भेटतातच. त्यांना सांगायला हे लक्षात ठेवा. अमेरिकेत १९७६ ते १९८४ मध्ये १८५१ बायकांना घेऊन एक मोठा अभ्यास सुरू झाला, बी-०६ नावाचा, बर्नार्ड फिशर नावाच्या सर्जनच्या पुढाकाराने. २० वर्षांनंतरचे निकाल २००२ मध्ये आले. फक्त गाठ काढून रेडिएशन दिलेल्यांमध्ये त्याच ब्रेस्टमध्ये परत यायचं प्रमाण १४.३ टक्के, रेडिएशन न दिलेल्यांमध्ये ३९.२ टक्के, पण जगण्याच्या बाबतीत ब्रेस्ट काढलेल्या आणि ठेवलेल्या बायकांमध्ये फरक नाही. म्हणजे आत्याने तेव्हा घेतलेला निर्णय चूक नव्हता. पूर्ण ब्रेस्ट काढला तरी छातीच्या कातडीवर परत येऊ शकतोच. पेशंटला अपराधी वाटू देऊ नका, तिला आधीच खूप काही सोसायचं असतं.

दाखवायला कधी जायचं

व्रणाजवळ नवी कडक गाठ, कातडीवर गुलाबी-लालसर बारीक पुळ्या ज्या दुखत नाहीत आणि मलमाने जात नाहीत, कातडी जाड होणं किंवा संत्र्याच्या सालीसारखी दिसणं, निपल आत ओढलं जाणं, काखेत किंवा कॉलर बोनच्या वर गाठ, आणि त्या बाजूचा हात अचानक सुजणं किंवा हातात मुंग्या आणि दुखणं. पुळ्यांच्या बाबतीत खास सांगते, कारण घामोळं आलं, ॲलर्जी आली म्हणून कित्येक जणी दोन दोन महिने पावडर लावत बसतात. रेडिएशन घेऊन बरीच वर्षं झाल्यावर कातडीवर मार लागल्यासारखा जांभळा डाग आला तरी दाखवा, तो क्वचित रेडिएशनमुळे होणारा वेगळाच कॅन्सर असतो, अँजिओसार्कोमा म्हणतात त्याला.

प्रत्येक गाठ कॅन्सरच असते असं नाही बरं का. रेडिएशननंतर आतली चरबी मरून कडक गोळा होतो, टाक्याच्या दोऱ्याभोवती गाठ होते, व्रण घट्ट होतो. आत्याचा अंदाज अगदीच अशक्य नव्हता. पण हे हाताने चाचपून कुणालाच ठरवता येत नाही, कितीही मोठा डॉक्टर असो. आणि पाच वर्षं झाली म्हणून सुटलो असंही नाही, हार्मोनवर वाढणारा म्हणजे ईआर पॉझिटिव्ह कॅन्सर दहा दहा वर्षांनीसुद्धा परत येतो, ट्रिपल निगेटिव्ह (ईआर, पीआर, हर-टू तिन्ही नसलेला) मात्र येणार असेल तर बहुतेक पहिल्या दोन-तीन वर्षांत येतो.

पहिलं काम कागदांचं

हे काम घरच्यांनी करायचं आणि पहिल्या अपॉइंटमेंटच्या आधी. टीमला पुढची जवळजवळ प्रत्येक गोष्ट ठरवायला जुनी माहिती लागते. जुना बायोप्सी रिपोर्ट आणि ऑपरेशननंतरचा हिस्टोपॅथॉलॉजी रिपोर्ट, ईआर पीआर हर-टू चा (कॅन्सरच्या पेशींचे रिसेप्टर, पहिले दोन हार्मोनचे, तिसरा वाढीचा) म्हणजे आयएचसीचा रिपोर्ट, ऑपरेशनची नोट (काखेतले किती लिंफ नोड काढले हे त्यात असतं), केमोचं डिस्चार्ज कार्ड, आणि रेडिएशनची समरी. जमलं तर जुने पॅराफिन ब्लॉक (मेणात जपलेला गाठीचा तुकडा) आणि स्लाइडसुद्धा मागून घ्या, अर्ज दिला की हॉस्पिटलं देतात.

केमोच्या कार्डावर प्रत्येक औषधाचा डोस असतो तो महत्त्वाचा, कारण लाल रंगाचं ते औषध, डॉक्सोरुबिसिन, त्याला आयुष्यभराची मर्यादा असते, शरीराच्या दर चौरस मीटरला साधारण ४५० ते ५५० मिलिग्रॅम, त्याच्या पुढे हृदयाला धोका फार वाढतो. पहिल्या वेळी नेहमीचे चार डोस झाले असतील तर २४० तिथेच वापरले गेलेले असतात. आणि रेडिएशनच्या समरीत एकूण किती ग्रे (रेडिएशन मोजायचं माप), किती वेळा, कुठल्या भागावर आणि मानेच्या बाजूला दिलं होतं का नाही हे असतं. आमच्याकडे ती नव्हती. मामा एसटीने जाऊन जुन्या हॉस्पिटलमधून दुसऱ्या चकरेत घेऊन आले आणि त्या एका कागदावरून रेडिएशनच्या मॅडमनी पाच मिनिटांत ठरवलं की परत रेडिएशन द्यायचं की नाही. म्हणून म्हणते, फाईल ही औषधाइतकीच सांभाळा, ट्रीटमेंट संपली म्हणून माळ्यावर टाकू नका.

मग सुई

मॅमोग्राफी आणि सोनोग्राफी होते, ब्रेस्ट शिल्लक असेल आणि जुन्या व्रणामुळे चित्र स्पष्ट येत नसेल तर एमआरआय. त्यानंतर बायोप्सी, आणि तीसुद्धा कोअर बायोप्सी, म्हणजे जाड सुईने तुकडा काढून. बारीक सुईने पाणी काढल्यासारखं करतात ते एफएनएसी, त्यात पेशी दिसतात पण पुरेसा तुकडा मिळत नाही. कातडीवर पुळ्या असतील तर कातडीचा छोटा गोल तुकडा काढतात, पंच बायोप्सी म्हणतात. सुई घातल्याने कॅन्सर पसरतो ही भीती आमच्याकडेही होती, अगदी शिकलेल्या माणसांनी बोलून दाखवली. त्या भीतीपायी बायोप्सी टाळू नका, तपासणी न करता गाठ कापून काढण्यात त्याच्या कितीतरी पट नुकसान आहे, आमचंच उदाहरण बघा.

तुकडा कशात ठेवतात हेसुद्धा बघा. फॉर्मॅलिनमध्येच ठेवायला हवा, सलाईनमध्ये नाही, स्पिरिटमध्ये नाही, आणि रिसेप्टरच्या टेस्टसाठी तो फॉर्मॅलिनमध्ये ६ ते ७२ तास राहायला हवा. लहान गावात बायोप्सी करून तुकडा शहरातल्या लॅबला पाठवणार असतील तर हे शांतपणे विचारा, कुणाला राग येत नाही.

आता सगळ्यात मोलाची गोष्ट. ईआर, पीआर, हर-टू या तिन्ही टेस्ट परत करायच्याच. जुना रिपोर्ट आहे ना, तोच कॅन्सर आहे ना, मग परत पैसे कशाला, हे वाक्य मान्य करू नका. परत आलेल्या गाठीत यातलं काहीतरी बदललेलं असणं मुळीच दुर्मिळ नाही, शंभरातल्या दहा-वीस जणींमध्ये असा बदल सापडतो. आत्याचा २०१८ चा रिपोर्ट हर-टू निगेटिव्ह होता. या वेळी हर-टू थ्री प्लस, म्हणजे पॉझिटिव्ह आला. म्हणजे जुन्या रिपोर्टवर भरोसा ठेवला असता तर तिला सगळ्यात उपयोगाचं औषध मिळालंच नसतं. टू प्लस आला तर घोटाळ्यात पडू नका, तो मधला निकाल असतो, त्यावर फिश नावाची टेस्ट करून हो किंवा नाही ठरवतात.

पॅथॉलॉजिस्ट अजून एक गोष्ट बघतात, हा जुनाच कॅन्सर उगवलाय की त्याच ब्रेस्टमध्ये नवीन सुरू झालाय. जागा वेगळी, प्रकार वेगळा, मध्ये बरीच वर्षं गेलेली, तर नवीन असण्याची शक्यता जास्त, आणि नवीन असला तर एकंदरीत परिस्थिती बरी मानतात. पहिल्या वेळी झाली नसेल तर बीआरसीए जीनची (घराण्यातून येणाऱ्या दोषाची) टेस्टही याच टप्प्यावर विचारा, विशेषतः वय कमी असेल, ट्रिपल निगेटिव्ह असेल किंवा घरात आणखी कुणाला ब्रेस्ट किंवा ओव्हरीचा कॅन्सर झाला असेल तर.

मग स्कॅन, आणि ऑपरेशनच्या आधी

दूर कुठे गेलाय का हे बघितल्याशिवाय टीम पुढे जात नाही. पेट सीटी (पूर्ण अंगाचा, आजार चमकून दिसणारा स्कॅन) करतात, किंवा छाती-पोटाचा सीटी आणि हाडांचा बोन स्कॅन. हे ऑपरेशनच्या आधी करण्याचं साधं कारण म्हणजे दूर कुठे असेल तर सगळा प्लॅनच बदलतो, मोठं ऑपरेशन पहिलं येत नाही. आणि दुसरं कारण आम्हाला महागात पडून कळलं, पेट सीटीत ताजी जखमही चमकते, सूज आणि इन्फेक्शनही चमकतं, त्यामुळे कुणी आधी कापाकापी केली असेल तर ते चमकणारं काय आहे हे सांगणं अवघड होऊन बसतं. आत्याच्या रिपोर्टमध्ये काखेत एक ठिपका चमकला आणि तो जखमेमुळे आहे की आजारामुळे हे बघायला तिथे आणखी एक सुई घालावी लागली. निघालं काही नाही, पण मधले दहा दिवस आमच्या घरात कुणी नीट जेवलं नाही.

पेटच्या आधी चार ते सहा तास पोट रिकामं लागतं, डायबेटीस असेल तर शुगर साधारण २०० च्या खाली लागते, म्हणून आदल्या दिवशीच गोळ्यांचं विचारून ठेवा, नाहीतर लांबून जाऊन परत यावं लागतं.

मग बैठक

हिला ट्यूमर बोर्ड म्हणतात. कॅन्सर सर्जन, केमोचे म्हणजे मेडिकल ऑन्कोलॉजिस्ट, रेडिएशन ऑन्कोलॉजिस्ट, रिपोर्ट वाचणारे रेडिओलॉजिस्ट, पॅथॉलॉजिस्ट आणि गरज असेल तर प्लास्टिक सर्जन, सगळे एका टेबलावर किंवा हल्ली स्क्रीनवर बसून एका पेशंटची फाईल बघतात. पहिल्या वेळच्या कॅन्सरला ठरलेले रस्ते असतात, परत आलेल्याला तसे नसतात कारण प्रत्येकीला आधी वेगवेगळं काहीतरी देऊन झालेलं असतं, म्हणूनच एकट्या डॉक्टरने केबिनमध्ये ठरवण्यापेक्षा ही बैठक या वेळी जास्त गरजेची. तुमच्या हॉस्पिटलमध्ये अशी सोय नसेल तर सरळ विचारा की ही केस दुसरीकडे दाखवता येईल का. परळचं टाटा मेमोरियल १९४१ पासून आहे आणि देशभरातली कॅन्सर हॉस्पिटलं जोडणारं नॅशनल कॅन्सर ग्रिड तिथूनच चालतं, त्यातली बरीच हॉस्पिटलं महाराष्ट्रात आहेत, त्यामुळे प्रत्येकाने मुंबई गाठलीच पाहिजे असं नाही. सेकंड ओपिनियन घेतलं तर डॉक्टर चिडतील म्हणून लोक गप्प बसतात. चांगले डॉक्टर चिडत नाहीत. आठवडाभराने काही बिघडत नाही पण चुकीच्या पहिल्या कापाने बिघडतं.

बोर्डानंतर डॉक्टरांना हे विचाराच: ट्रीटमेंट बरं करायच्या उद्देशाने आहे की आटोक्यात ठेवायच्या? आधी औषध की आधी ऑपरेशन, आणि का? रेडिएशन परत देता येतं का? रिसेप्टर काय आले? उत्तरं वहीत लिहा, एकजण बोलेल आणि दुसरा लिहील असं करा, पेशंटला त्या वेळी काही आठवत नाही.

आता चाकू आणि रेडिएशन

इथे जुन्या ट्रीटमेंटवर सगळं ठरतं. आधी ब्रेस्ट ठेवून रेडिएशन दिलेलं असेल, तर परत आल्यावर वर्षानुवर्षांची ठरलेली पद्धत म्हणजे पूर्ण ब्रेस्ट काढणं, मास्टेक्टोमी. रेडिएशन दिलेली कातडी लवकर भरत नाही, त्यामुळे बऱ्याचदा पाठीचा किंवा पोटाचा मांस-कातडीचा भाग आणून तिथे लावतात, फ्लॅप म्हणतात. आत्याला पाठीचा लावला. तिला वाटलेलं दिसण्यासाठी करतायत, ती नको म्हणाली, या वयात कशाला म्हणाली, मग प्लास्टिक सर्जननी तिला समजावलं की आत्या, जखम भरावी म्हणून करतोय, ताजं रक्त असलेली कातडी लागते तिथे. हे आधीच कुणीतरी सांगितलं तर बायका घाबरत नाहीत.

दुसऱ्यांदाही ब्रेस्ट ठेवता येतो का? काही निवडक जणींमध्ये हो. अमेरिकेत आरटीओजी १०१४ नावाचा अभ्यास झाला, गाठ ३ सेंटिमीटरपेक्षा लहान, एकच, आणि पहिल्या रेडिएशनला वर्षापेक्षा जास्त झालेलं अशा बायका घेतल्या, परत फक्त गाठ काढली आणि ब्रेस्टच्या तेवढ्याच भागावर दिवसातून दोनदा असं ३० वेळा मिळून ४५ ग्रे रेडिएशन दिलं. ५८ जणींमध्ये पाच वर्षांत पुन्हा त्याच ब्रेस्टमध्ये यायचं प्रमाण ५ टक्के होतं. आकडा चांगला आहे पण बायका कमी आहेत आणि निवडून घेतलेल्या आहेत, म्हणून माझं मत विचाराल तर हा पर्याय जरूर विचारा पण ज्या सेंटरला याचा अनुभव आहे तिथेच करा.

आधीच पूर्ण ब्रेस्ट काढलेला असेल आणि छातीवर परत आलं, तर गाठ चहूबाजूंनी निरोगी कडा राखून काढतात, आणि पहिल्या वेळी रेडिएशन दिलं नसेल तर छाती आणि मानेच्या खोबणीला मिळून पूर्ण रेडिएशन देतात. कधी आजार स्नायूत किंवा बरगडीत घुसलेला असतो, तेव्हा बरगडीसकट काढून जाळी आणि फ्लॅप लावतात, हे मोठं ऑपरेशन आहे आणि सगळं स्वच्छ निघेल अशी खात्री असली तरच करतात. कडा स्वच्छ येणार नसतील तर उगाच अर्धवट कापत नाहीत, आधी औषध देऊन आकुंचन पावतोय का बघतात. तालुक्याच्या दवाखान्यात वरवर गाठ काढली तेव्हा नेमकं हेच झालं होतं, कडेला आजार राहिला. काखेचंही परत तपासतात, आधी काखेतले सगळे लिंफ नोड काढलेले नसतील तर पुन्हा सेंटिनल नोड (आजार आधी जिथे जातो तो लिंफ नोड) शोधता येतो, फक्त जुन्या ऑपरेशनमुळे वाट बदललेली असते म्हणून औषध टोचून स्कॅनवर तो कुठे गेलाय ते बघतात, कधी दुसऱ्या बाजूच्या काखेतही निघतो.

जुन्या रेडिएशनच्या जागी परत द्यायचं का हा सगळ्यात नाजूक निर्णय असतो. हृदय, फुप्फुस, बरगड्या, हाताकडे जाणाऱ्या नसा यांनी आधीचा डोस घेतलेला असतो. काही सेंटरला रेडिएशनसोबत तो भाग ४१ ते ४३ डिग्रीपर्यंत गरम करतात, हायपरथर्मिया, त्याने रेडिएशनचा परिणाम वाढतो, पण ही सोय मोजक्याच ठिकाणी असते. आत्याला परत रेडिएशन दिलं नाही, कडा स्वच्छ आल्या होत्या आणि पहिला डोस पूर्ण होता.

औषधं

गाठ काढली, आता केमो कशाला, हा प्रश्न घरोघरी येतो. कारण असं की त्याच जागी परत येणं हे कधीकधी शरीरात इतरत्र बारीक पेशी फिरत असल्याची खूण असते. यावर कॅलोर नावाचा अभ्यास झाला, १६२ बायका, सगळ्यांची परत आलेली गाठ पूर्ण काढलेली, मग निम्म्यांना केमो आणि निम्म्यांना नाही. ईआर निगेटिव्ह असलेल्यांमध्ये दहा वर्षांनी आजाराशिवाय असलेल्या बायका केमोवाल्या गटात ७० टक्के आणि बिनाकेमोच्या गटात ३४ टक्के. एवढा मोठा फरक. ईआर पॉझिटिव्हमध्ये मात्र फायदा दिसला नाही, ५० विरुद्ध ५९. म्हणूनच रिसेप्टरची टेस्ट परत करा असं मी वर इतकं घोकून सांगितलं, केमो द्यायचा की नाही हे त्यावर टांगलेलं असतं.

ईआर पॉझिटिव्ह असेल तर हार्मोनची गोळी बदलतात. टॅमॉक्सिफेन घेताना किंवा घेऊन झाल्यावर आला तर लेट्रोझोल, ॲनास्ट्रोझोल, एक्झेमेस्टेन यांतली एक, पाळी सुरू असेल तर सोबत ओव्हरी बंद ठेवणारं इंजेक्शन. या गोळ्यांनी हाडं विरळ होतात, सांधे धरतात, म्हणून डेक्सा स्कॅन (हाडांची घनता) आणि कॅल्शियम, व्हिटॅमिन डी बघतात. पाल्बोसिक्लिब, रायबोसिक्लिबसारखी नवी औषधं मुख्यतः गाठ काढता येत नाही किंवा पसरलाय अशा वेळी येतात.

हर-टू पॉझिटिव्ह असेल तर हर-टू ला अडवणारं ट्रास्टुझुमॅब, साधारण वर्षभर दर २१ दिवसांनी, सुरुवातीला केमोसोबत. भारतात त्याचे बायोसिमिलर (दुसऱ्या कंपन्यांची तशीच औषधं) आल्यापासून किंमत बरीच खाली आली आहे, सरळ विचारा. दर तीन महिन्यांनी टू-डी एको करतात कारण हृदयाचं पंपिंग कमी होऊ शकतं. आत्याला आधी बारा आठवडे पॅक्लिटॅक्सेल (केमोचं औषध) आणि ट्रास्टुझुमॅब, गाठी मऊ पडून बारीक झाल्या, मग ऑपरेशन, मग उरलेलं ट्रास्टुझुमॅब आणि लेट्रोझोल. ट्रिपल निगेटिव्हमध्ये केमो हाच कणा, आणि गाठ काढता येत नसेल तर पीडी-एल-वन टेस्ट करून इम्युनोथेरपीचा (शरीराची प्रतिकारशक्ती जागी करणाऱ्या औषधाचा) विचार करतात, ती मात्र खूप महाग आहे आणि तिथे खर्चाचं बोलणं आधीच मोकळेपणाने झालं पाहिजे.

जखम उघडी असेल तर

काही जणी लाजेने, भीतीने किंवा पैशापायी इतक्या उशिरा येतात की छातीवर जखम झालेली असते, पाणी येतं, वास येतो, घरातली माणसंसुद्धा लांब बसतात. याबद्दल कुणी बोलत नाही म्हणून मी बोलते. वास हा जखमेतल्या जंतूंमुळे येतो आणि तो कमी करता येतो. मेट्रोनिडाझोलची गोळी बारीक करून किंवा जेल जखमेवर लावायला डॉक्टर सांगतात, न चिकटणारी जाळीची ड्रेसिंग वापरतात, ड्रेसिंग काढताना सलाईनने आधी भिजवतात म्हणजे रक्त येत नाही. रक्त थांबायला आणि दुखणं कमी व्हायला थोडक्या दिवसांचं रेडिएशन देतात. दुखण्याला मॉर्फिनची गोळीसुद्धा मिळते, तिची सवय लागेल म्हणून पेशंटला कळवळत ठेवू नका. पॅलिएटिव्ह केअरची (त्रास कमी करणारी) टीम म्हणजे शेवटची टीम असा अर्थ काढू नका, ती ट्रीटमेंट सुरू असतानाही सोबत असते.

हात, पैसे, राहणं

काखेचं दुसऱ्यांदा ऑपरेशन झालं की हात सुजण्याचा धोका वाढतो. फिजिओथेरपिस्टला ऑपरेशनच्या आधीच भेटा, दोन्ही हातांचा घेर टेपने मोजून लिहून ठेवा, म्हणजे नंतर अर्धा इंच वाढला तरी लक्षात येईल. व्यायाम सांगितलेल्या दिवसापासून सुरू करा, हात लाल गरम होऊन ताप आला तर त्याच दिवशी दाखवा, ते इन्फेक्शन असतं. आत्या भाकरी थापायला कधी सुरू करू हे प्रत्येक व्हिजिटला विचारायची, आणि फिजिओच्या मॅडमनी तिला तोच व्यायाम म्हणून दिला, आधी मऊ कणकेचा गोळा, मग महिन्याने भाकरी.

पैशांसाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत हॉस्पिटल आहे का ते पहिल्याच दिवशी विचारा, हॉस्पिटलमध्ये आरोग्यमित्र बसलेले असतात, रेशन कार्ड आणि आधार घेऊन त्यांना भेटा, आणि ट्रीटमेंट सुरू व्हायच्या आधी भेटा, कारण मंजुरी आधी लागते. मुख्यमंत्री सहाय्यता निधीचा अर्जही करता येतो, मेडिकल सोशल वर्कर मदत करतात. रेल्वेच्या तिकिटात कॅन्सर पेशंट आणि सोबतच्या माणसाला सवलत असते, हॉस्पिटलमधून त्याचा फॉर्म सही करून घ्या. मुंबईत टाटाला जाणाऱ्यांसाठी दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आहे, तिथे हॉस्पिटलचं पत्र घेऊन जायचं.

ट्रीटमेंट संपल्यावर सुरुवातीची वर्षं दर तीन ते सहा महिन्यांनी तपासणी, दुसऱ्या ब्रेस्टची दरवर्षी मॅमोग्राफी. काही त्रास नसताना दर वेळी पेट सीटी करत नाहीत, त्यासाठी हट्ट धरू नका, आणि रक्तातल्या सीए १५-३ सारख्या एकट्या मार्करच्या आकड्यावरून घाबरूही नका, शांतही बसू नका. त्यापेक्षा महिन्यातून एकदा आरशासमोर उभं राहून व्रण, काख आणि कॉलर बोनवरची खोबण बघणं, बोटांनी चाचपणं. आत्या दर महिन्याच्या एक तारखेला बघते, मामांनी कॅलेंडरवर लाल पेनाने गोल केलेले असतात. मागच्या महिन्यात फ्लॅपच्या कडेला कडक लागलं, या वेळी तिने दोऱ्याचं नाव काढलं नाही, तिसऱ्या दिवशी फाईल घेऊन आम्ही ओपीडीत होतो, सोनोग्राफी, सुई, रिपोर्ट. मेलेली चरबी निघाली.